कोऱ्या रकान्याचे दोन अर्थ

फाइलीची पहिलीच ओळ कोरी निघाली. प्रोब सेट, म्हणजे एखादं जनुक मोजणारा चिपवरचा तुकड्यांचा गट: १००७_एस_एटी. अ‍ॅफिमेट्रिक्सच्या एचजी-यू१३३ प्लस २.० या, जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजणाऱ्या, चिपची फाइल ज्यांनी एकदा तरी उघडली आहे त्यांच्या डोळ्यांना हा क्रमांक सवयीचा असतो, कारण यादी त्याच्यापासूनच सुरू होते. त्याच्यापुढे जनुकाचं नाव यायला हवं होतं. आलं होतं ‘एनए’, म्हणजे माहिती नाही.

माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. बोट ठेवलं ते आमच्या गटातल्या डॉक्टर मॅडमनी. त्यांच्याकडे याच चिपच्या जुन्या विश्लेषणाचा एक छापील कागद होता, कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेला. त्यात पहिल्या ओळीपुढे स्वच्छ छापलं होतं: डीडीआर१. “तुझ्या तक्त्यात हे कोरं का?” त्यांनी विचारलं. “डेटाबेसमध्ये नसेल मॅडम,” मी म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्या ओळीखाली आणखी एक रेघ ओढून कागद माझ्याकडे सरकवला. डीडीआर१ हे कोलॅजेनला चिकटणाऱ्या रिसेप्टरचं जनुक. गाठीच्या भोवतालच्या ऊतींवर काम करणाऱ्या माणसाला ते अगदी घरातलं. ते डेटाबेसमध्ये नाही, असं मी न तपासता बोलून गेले होते. पुढचे दोन आठवडे मी त्या एका रकान्याच्या मागे होते.

आधी काम काय होतं ते सांगते. माझं शिक्षण सांख्यिकीचं, जीवशास्त्र बारावीपर्यंतच. पुण्यातल्या एका संशोधन गटात मी विश्लेषणाचं काम करते. आम्हाला स्तनाच्या कर्करोगाचे तीन जुने डेटासेट एकत्र आणायचे होते, तिन्ही सगळ्यांसाठी खुले. पहिला एचजी-यू१३३ए या आधीच्या चिपवरचा, २२,२८३ प्रोब सेटचा. दुसरा प्लस २.० वरचा, ५४,६७५ प्रोब सेटचा. तिसरा सिक्वेन्सिंगचा, एन्सेम्बल या जनुकसूचीच्या क्रमांकांत लिहिलेला. तिन्हींत मोजलंय तेच, कुठलं जनुक किती बोलतंय ते. पण प्रत्येकाची क्रमांकांची भाषा वेगळी.

एकच जनुक घेऊ. दवाखान्यात ज्याला सगळे ‘हर-टू’ म्हणतात त्याचं अधिकृत चिन्ह ईआरबीबी२. अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राच्या एन्ट्रेझ यादीत त्याचा क्रमांक २०६४. एन्सेम्बलमध्ये ईएनएसजी०००००१४१७३६. चिपवर गेलात की २१६८३६_एस_एटी आणि २१०९३०_एस_एटी. प्रोब सेट म्हणजे जनुकाच्या संदेशाचे २५ अक्षरी तुकडे. या चिपवर एका सेटमध्ये साधारण ११ जोड्या, प्रत्येकीत नेमका तुकडा आणि त्याचा एक अक्षर बदललेला जोडीदार. शेवटच्या ‘एटी’ आधीचं अक्षरही काही सांगत असतं. ‘एस’ असेल तर ते तुकडे एकाहून अधिक संदेशांना सामाईक आहेत, ‘एक्स’ असेल तर काही तुकडे भलत्याच, पण मिळत्याजुळत्या संदेशालाही चिकटू शकतात.

तर प्रोबवरून जनुक, जनुकावरून प्रोब, एन्सेम्बलवरून एन्ट्रेझ, एन्ट्रेझवरून चिन्ह अशा उड्या दोन्ही दिशांना मारत राहायचं होतं.

मी जे केलं ते माझ्या जागी बहुतेकांनी केलं असतं. आर भाषेत दोन रकान्यांची यादी काढली, डावीकडे प्रोब, उजवीकडे चिन्ह. प्रोब दिला की चिन्ह मिळेल असा नावं लावलेला व्हेक्टर केला. उलट दिशेसाठी नावं आणि किमती यांची अदलाबदल केली. दहा ओळींचा कोड. चालला, लाल अक्षरांत काही आलं नाही.

मग एक साधी चाचणी घेतली, जाऊन परत येण्याची. सगळे प्रोब घेऊन जनुकांकडे गेले आणि तिथून पुन्हा प्रोबकडे. निघाले होते २२,२८३ घेऊन. परत आले ते फारच कमी. कारण शोधायला अख्खी संध्याकाळ गेली. ईएसआर१, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक, या चिपवर नऊ प्रोब सेटमध्ये आहे. अदलाबदल केल्यावर माझ्या व्हेक्टरमध्ये ‘ईएसआर१’ हे नाव नऊ वेळा होतं. आणि नावाने विचारलं की आर पहिला सापडेल तो देतं नि थांबतं. उरलेले आठ तिथेच, पण त्यांच्यापर्यंत जायला वाट नाही. इशारा नाही, चूक नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या नऊ नोंदींपैकी एकच हाती येते, आणि ती चांगली की वाईट हे यादीतल्या क्रमावर ठरतं! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. ते म्हणाले, “तू शब्दकोश केलायस. इथे शब्दकोश चालत नाही. बायमॅप वाच.”

बायमॅप हा बायोकंडक्टरमधल्या अ‍ॅनोटेशन-डीबीआय या पॅकेजचा एक वर्ग. बायोकंडक्टर म्हणजे जनुकीय विदेसाठीच्या आर पॅकेजेसचा खुला प्रकल्प, २००१ मध्ये सुरू झालेला. आधी त्यातल्या माहितीच्या पॅकेजेसमध्ये प्रत्येक दिशेची यादी वेगळी ठेवलेली असे. प्रोबवरून जीओ (जनुकांच्या कार्यांची संज्ञावली) हा एक साठा, जीओवरून प्रोब हा दुसरा. २००७ च्या सुमारास हे सगळं एसक्यूलाइट या डेटाबेसच्या तक्त्यांवर आलं आणि त्यावर बायमॅपचा मुलामा चढला.

मी मदतीचं पान तीनदा वाचलं. शेवटी कागद घेऊन चित्र काढलं तेव्हा समजलं. डावीकडे ठिपक्यांची एक रांग, हे डावे क्रमांक. उजवीकडे दुसरी रांग, हे उजवे. मध्ये रेघा. बायमॅप म्हणजे हे अख्खं चित्र: दोन रांगा आणि त्यांच्यामधल्या रेघा. दिशा हा त्या चित्राला लावलेला एक छोटा बाण, एवढंच. रेव्हमॅप हे फंक्शन चालवलं की बाण उलटतो. रेघा जागच्या हलत नाहीत, कशाचीही नक्कल होत नाही. डावीकडून विचारा, एका प्रोबच्या सगळ्या रेघा मिळतील. उजवीकडून विचारा, एका जनुकाच्या सगळ्या रेघा मिळतील. टूटेबल चालवलं तर प्रत्येक रेघ एक ओळ होऊन समोर येते. ईएसआर१ च्या नऊ रेघा म्हणजे नऊ ओळी, बाण कुठेही असो.

रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा काय चाललंय म्हणून विचारलं, तर मी हेच सांगत बसले. बाबा निवृत्त तलाठी, साताऱ्याकडे असतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे सातबारा आणि आठ-अ.”

मला पटकन कळलं नाही.

“अगं, सातबारा गटावरून काढायचा. एका गटावर पाच भावांची नावं निघतात. आठ-अ खात्यावरून काढायचा. एका खात्याखाली चार गट निघतात. जमीन तीच, माणसं तीच. तू कुठल्या बाजूने विचारतेस एवढाच फरक.”

“आणि दोन्हींचा मेळ नाही बसला तर?”

“तर अंमल एकीकडे दिला आणि दुसरीकडे द्यायचा राहिला. हाताने लिहायचो तेव्हा व्हायचंच हे. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्याला अंमल दिला, आठ-अ तसाच राहिला. मग माणूस दोन्ही उतारे हातात घेऊन दारात उभा. त्याला काय सांगायचं?”

जुन्या पॅकेजेसमध्ये दोन दिशांच्या दोन याद्या का नकोशा झाल्या असतील, हे मला त्या एका वाक्यात कळलं. माझ्या दहा ओळींच्या कोडनेही तेच केलं होतं. एका नोंदवहीच्या दोन वह्या करून ठेवल्या होत्या.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिचं मोल नंतर कळलं. “गायरानाच्या गटावर कुणा खातेदाराचं नाव नसतं. म्हणून त्याचा सातबारा नसतो असं नाही हो. गट आहे तर सातबारा आहे.” बायमॅपमध्ये हेच एलकीज आणि मॅप्डकीज अशा दोन फंक्शनांत आहे. एलकीज डाव्या रांगेतले सगळे ठिपके देतं, रेघ असो वा नसो. मॅप्डकीज फक्त रेघ असलेले देतं. प्लस २.० साठी एलकीजची मोजणी बरोबर ५४,६७५ येते, म्हणजे चिपवर जेवढं आहे तेवढं. मॅप्डकीजची संख्या त्याहून बरीच कमी. माझ्या व्हेक्टरने रेघ नसलेले ठिपके सरळ गाळले होते, आणि गाळले हे सांगितलंही नव्हतं.

सांख्यिकीच्या माणसाला यात फार काही अडकलेलं असतं. निवडलेल्या जनुकांत एखाद्या कार्याची जनुकं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, हे आम्ही हायपरजॉमेट्रिक चाचणीने बघतो. तिच्यात पिशवीत एकूण चेंडू किती, म्हणजे इथे एकूण जनुकं किती, हा आकडा तुम्ही द्यायचा असतो. कोण मोजलं गेलं, कोण मोजलं पण ओळखता आलं नाही आणि कोण मोजलंच नाही, हे वेगळं ठेवलं नाही तर तो आकडा चुकतो आणि त्याच्यावर उभं असलेलं सगळं चुकतं.

एवढं झाल्यावर मी तक्ता पुन्हा बांधला, या वेळी बायमॅपवर. परत येण्याची चाचणी पास झाली. ईएसआर१ चे नऊच्या नऊ आले. आणि पहिली ओळ? १००७_एस_एटी पुढे पुन्हा ‘एनए’.

मी तोच प्रोब दुसऱ्या दोन वाटांनी विचारून पाहिला. अ‍ॅनोटेशन-डीबीआयमध्ये नंतर आलेलं सिलेक्ट हे फंक्शन आहे. नव्या लोकांना आता तेच वापरायला सांगतात. त्याने एका प्रोबसाठी दोन ओळी दिल्या: डीडीआर१ आणि एमआयआर४६४०. वर एक सूचनाही दिली की एकाला अनेक अशी जोडणी आहे. मग मॅप-आयडीज विचारलं. ते एकाला एकच उत्तर देतं, आणि काही सांगितलं नाही तर पहिलं निवडतं. ते म्हणालं डीडीआर१, दुसऱ्याचा उल्लेखही नाही. एकच पॅकेज, एकच प्रोब, तीन उत्तरं: कोणी नाही, दोन, एक.

मी पॅकेजच्या आतला एसक्यूलाइटचा तक्ताच उघडला. नाव ‘प्रोब्स’, रकाने तीन: प्रोब क्रमांक, जनुक क्रमांक आणि ‘इज मल्टिपल’. त्या तिसऱ्या रकान्यात फक्त ० किंवा १. १००७_एस_एटी च्या दोन ओळी होत्या. एकीत ७८०, तो डीडीआर१ चा एन्ट्रेझ क्रमांक. दुसरीत एमआयआर४६४० चा. दोन्हींपुढे १.

एकाहून जास्त जनुकांना जोडलेले प्रोब बायमॅप आपणहून झाकून ठेवतो. यामागे विचार आहे आणि तो मला पटतोही: तुकडा दोघांनाही चिकटू शकत असेल तर मोजलेला आकडा कुणाचा, हे सांगता येत नाही; मग न सांगितलेलंच बरं. झाकलेलं उघडायची सोयही दिली आहे. टॉगलप्रोब्स या फंक्शनला ‘ऑल’ सांगितलं की सगळ्या रेघा दिसतात, ‘मल्टिपल’ सांगितलं तर फक्त झाकलेल्या. मला ती सोय माहीत नव्हती, हा माझा भाग. पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. झाकलेल्या प्रोबपुढे येतो ‘एनए’. रेघच नसलेल्या प्रोबपुढेही येतो ‘एनए’. कोणीच नाही आणि एकाहून जास्त आहेत, या दोन उलट्या गोष्टी, आणि रकाना दोन्हीकडे सारखाच कोरा.

मी तीन ओळी एकाखाली एक छापून घेतल्या. पहिली एएफएफएक्स-बायोबी-५_एटी. हा चिपवरचा नियंत्रण प्रोब, ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकाचा. माणसाचं जनुक त्याला असायचं कारणच नाही. दुसरी १००७_एस_एटी. तिसरी २०४०१८_एक्स_एटी, जी एचबीए१ आणि एचबीए२ या दोघांना जोडलेली आहे. ही दोन जनुकं अल्फा ग्लोबिनची, शेजारीशेजारी असलेली, आणि दोघांपासून बनणारं प्रथिन तंतोतंत एकच. तीन ओळी, तीन ‘एनए’, आणि तिघांची कथा निराळी. बाबांच्या कार्यालयात मयत खातेदाराच्या जागी सात वारस लागले तर सातही नावं लिहायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. वारस सात आहेत म्हणून कुणी रकाना कोरा सोडत नाही.

हा कागद घेऊन मी सर आणि मॅडम दोघांसमोर बसले.

मॅडमनी एमआयआर४६४० कुठे आहे ते बघायला सांगितलं. बघितलं तर ते डीडीआर१ च्याच हद्दीत, सहाव्या गुणसूत्रावर. मायक्रोआरएनए, म्हणजे तयार रूपात जेमतेम २२ अक्षरांच्या आसपासचा तुकडा. “मग हा आकडा डीडीआर१ चाच,” मॅडम म्हणाल्या. “एवढ्याशा तुकड्याला ही चिप मोजणार नाही.” सरांनी दुसरी बाजू दाखवली. ही चिप २००३ ची. चिपवरचे तुकडे तेव्हा होते तेच आज आहेत, एक अक्षरही बदललेलं नाही. बदलली ती नोंद. मॅडमचा छापील कागद जुना, तेव्हा या प्रोबची रेघ एकच होती. मधल्या काळात डीडीआर१ च्या हद्दीत एका नव्या जनुकाचं नाव लागलं, रेघा दोन झाल्या, ‘इज मल्टिपल’चा ० जाऊन १ आला, आणि ज्या ओळीत कालपर्यंत नाव होतं ती कोरी झाली. माहिती वाढली म्हणून रकाना रिकामा झाला.

एचबीएच्या ओळीचा निर्णय वेगळा झाला. तिथे खरोखरच वाटणी करता येत नाही. आकडा दोघांचा मिळून आहे आणि तसाच लिहायचा, सामाईक म्हणून. जनुकवार सरासरीत तो घ्यायचा नाही, पण तक्त्यातून काढायचाही नाही. नियंत्रण प्रोबपुढे ‘नियंत्रण’ लिहायचं. जिथे खरोखरच रेघ नाही तिथे ‘जोडणी नाही’. ‘एनए’ हा शब्द अंतिम तक्त्यात कुठेच येऊ द्यायचा नाही, हे आम्ही त्या दिवशी ठरवलं. माझ्या मते या सगळ्या कामातला तो सगळ्यांत उपयोगी निर्णय होता.

तिसऱ्या डेटासेटमध्ये हाच डीडीआर१ पुन्हा आडवा आला. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए (प्रतिकारशक्तीशी संबंधित) भागाची माणसामाणसांत फार वेगळी रूपं असतात, म्हणून संदर्भासाठीच्या जनुकसंचात त्या भागाची काही पर्यायी रूपंही ठेवलेली आहेत. एन्सेम्बल प्रत्येक रूपातल्या जनुकाला वेगळा क्रमांक देतं. डीडीआर१ त्याच भागात येतं. म्हणून एन्ट्रेझचा एक ७८० आणि समोर एन्सेम्बलचे अनेक क्रमांक. मुख्य रूपातला ईएनएसजी०००००२०४५८०, बाकीचे पर्यायी रूपांतले. आमच्या डेटात मुख्य रूपातलाच होता. पण उलट्या दिशेने, ७८० वरून एन्सेम्बलकडे जाताना पहिला सापडेल तो घेतला असता तर भलताच क्रमांक हाती आला असता, आमच्या फाइलीत नसलेला, आणि जनुक पुन्हा एकदा गायब झालं असतं.

शेवटचा धडा मॅडमच्या यादीने दिला. त्यांनी पन्नासेक जनुकांची नावं हाताने लिहून दिली होती, दवाखान्यात बोलतात त्या नावांनी. हर-टू होतं. पीडी१ होतं, ज्यावर आजची कितीतरी इम्युनोथेरपी उभी आहे आणि ज्याच्या शोधासाठी तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ही टोपणनावं एन्ट्रेझशी जोडणारा वेगळा बायमॅप आहे. तिथे ‘पीडी१’ विचारलं आणि तीन जनुकं आली. पीडीसीडी१, म्हणजे मॅडमना हवं ते. एसएनसीए, अल्फा सायन्यूक्लिनचं जनुक. पार्किन्सन्सशी नातं म्हणून त्यालाही कुणीतरी कधी पीडी१ म्हटलं होतं. आणि स्पाटा२. पहिलं सापडेल ते उचललं असतं तर कर्करोगाच्या यादीत मेंदूच्या आजाराचं जनुक सहज जाऊन बसलं असतं, आणि आकडे आले असते, आलेखही निघाला असता.

टोपणनावं दुहेरी असतात हे समजू शकतं. पण अधिकृत चिन्हंही? मानवी जनुकांच्या पॅकेजमध्ये एचबीडी या चिन्हाला दोन एन्ट्रेझ क्रमांक आहेत. एक ३०४५, डेल्टा ग्लोबिनचं जनुक, आणि दुसरा हाडांच्या एका आनुवंशिक विकाराच्या नोंदीचा. टीईसीचंही तसंच. म्हणून आम्ही चिन्हाला कधीच मूळ क्रमांक मानत नाही. मूळ एन्ट्रेझचा आकडा, चिन्ह फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. गावात एकाच नावाचे दोन खातेदार असतात तेव्हा खाते क्रमांकच बघायचा, तसं.

मॅडमच्या यादीतली दुहेरी निघालेली नावं मी त्यांच्याकडे परत नेली आणि एकेक विचारून ठरवली. अर्धा तास लागला. ते काम कुठल्याही फंक्शनवर सोडता आलं नसतं.

रेघेबद्दल एक गोष्ट राहिली, आणि मला बायमॅपमधली ती सगळ्यांत आवडली. रेघ नुसती रेघ नसते, तिच्यावर काही लिहिलेलंही असू शकतं. जनुक आणि जीओमधलं कार्य यांच्यामधल्या प्रत्येक रेघेवर पुराव्याचा संकेत असतो. ‘आयडीए’ म्हणजे कुणीतरी प्रयोग करून थेट पाहिलं. ‘आयईए’ म्हणजे संगणकाने अनुमान केलं, माणसाने तपासलं नाही. हा संकेत जनुकाचा नाही आणि कार्याचाही नाही, तो त्या दोघांमधल्या नात्याचा आहे. सातबाऱ्यावर नावापुढे हिस्सा लिहिलेला असतो, तो एकट्या माणसाचाही नसतो नि एकट्या जमिनीचाही. दोन रकान्यांच्या शब्दकोशात हे लिहायला जागाच नसते. रेघेची ओळ केली की एक रकाना वाढवायचा, झालं.

आमचा अंतिम तक्ता तसाच आहे. एक रेघ, एक ओळ. डावा क्रमांक, उजवा क्रमांक, नात्याचा प्रकार, निर्णय काय घेतला आणि का, आणि पॅकेजची आवृत्ती. पहिल्या प्रोबच्या आता दोन ओळी आहेत. पहिलीत डीडीआर१, पुढे ‘आकडा याचा धरला’. दुसरीत एमआयआर४६४०, पुढे ‘डीडीआर१ च्या हद्दीत, या चिपवर वेगळं मोजता येत नाही’. दोन्ही दिशांची उत्तरं याच एका तक्त्यावरून निघतात. उलट्या दिशेची वेगळी फाइल कुणी बनवायची नाही, असं मी फोल्डरवरच लिहून ठेवलंय.

बायोकंडक्टरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. ऑक्टोबरची आली तेव्हा मी जुन्या आणि नव्या रेघांची वजाबाकी केली. कुठे नवी रेघ लागली, कुठे जुनी गेली, कुठल्या ओळीचा ० जाऊन १ झाला, हे सगळं काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिल उचलली.